नमुना क्रमांक 7

भारताचं नागरिकत्व घालवायला काहीही करावं लागत नाही. अर्ज नाही, टोकन नाही, झेरॉक्सवाल्यासमोरची रांग नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम म्हणतं, तुम्ही आपखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिक झालात की इथलं नागरिकत्व संपलं. माझं संपलं तेव्हा मी न्यू जर्सीतल्या न्यूअर्कमध्ये एका सरकारी सभागृहात हात वर करून उभी होते आणि डोक्यात एकच घोर होता, की पार्किंगच्या मीटरमध्ये नाणी कमी टाकली आहेत.

शपथ मात्र भारदस्त होती. कुठल्याही परक्या राजाशी, अधिपतीशी वा राज्याशी आजवर जी निष्ठा होती ती मी पूर्णपणे सोडून देते, असा काहीसा मजकूर. माझं माहेर साताऱ्याचं. राजा म्हटल्यावर मी चमकले आणि शेजारी उभ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "अहो, यात छत्रपतींची गादीपण आली का?" ते ओठ न हलवता म्हणाले, "हात वर ठेव, बाई बघतायत."

एवढं सगळं कशासाठी केलं, असं विचाराल तर कारण मुळीच उदात्त नव्हतं. मला युरोपला जायचं होतं. अमेरिकेत ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारताचा असला की युरोपच्या व्हिसासाठी बँकेची स्टेटमेंट्स, पगाराच्या चिठ्ठ्या, हॉटेलची बुकिंग्ज असा सगळा संसार मांडून दाखवावा लागतो. आमच्याबरोबरची मंडळी अमेरिकन पासपोर्ट खिशात घालून सुटायची. आयफेल टॉवरसाठी मी देश सोडला, असं नवरा पाहुण्यांना सांगतो. ते सगळंच खोटं नाही.

परीक्षेसाठी मी शंभर प्रश्न घोकले होते. त्यातले दहा विचारायचे आणि सहा बरोबर आले की पास. सिनेटर किती? शंभर. घटनेला दुरुस्त्या किती? सत्तावीस. पोळ्या लाटताना पाठांतर चालायचं. भारताच्या घटनेला किती दुरुस्त्या झाल्या, असं त्या काळात कुणी विचारलं असतं तर मला 'पुष्कळ' यापलीकडे उत्तर देता आलं नसतं.

पुढची गंमत अशी, की नागरिकत्व आपोआप जात असलं तरी ते गेल्याचा दाखला आपोआप मिळत नाही. तो फी भरून घ्यावा लागतो. त्याला सरेंडर सर्टिफिकेट म्हणतात. मी जुना पासपोर्ट पोस्टाने पाठवला आणि काही आठवड्यांनी तो परत आला, रद्द होऊन. आतला फोटो 1996 सालचा, लक्ष्मी रोडवरच्या स्टुडिओत काढलेला. कानांत सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या, चेहऱ्यावर पहिल्यांदा विमानात बसायला निघालेल्या मुलीची घाबरगुंडी. पुढच्या पानावरच्या शिक्क्याची शाई ओली असतानाच पासपोर्ट मिटलेला असावा, कारण रद्द केल्याची उलटी अक्षरं बरोबर डाव्या कुडीवर उमटली होती. मी जरा हळहळले. मग रोमची तिकिटं बघायला बसले.

सरेंडरचा दाखला हाती आल्यावर ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' कार्ड काढता येतं. ही योजना 2005 च्या अखेरीस आली आणि जानेवारी 2006 मध्ये हैदराबादच्या प्रवासी भारतीय दिवसाला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी पहिली कार्डं दिली. कार्ड बाळगणाऱ्याने हवं तेव्हा भारतात यावं, हवं तितकं राहावं, घर घ्यावं, धंदा करावा. फक्त मत देऊ नये, निवडणुकीला उभं राहू नये, सरकारी नोकरीची आशा धरू नये आणि शेतजमीन विकत घेऊ नये. यातल्या शेवटच्या कलमाबद्दल नवऱ्याने बराच शोक केला, कारण निवृत्तीनंतर मुळशीला आंबे लावायचं त्यांच्या मनात होतं. पण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या अस्सल भारतीयालाही शेतजमीन घेता येत नाही, तेव्हा हे दुःख आम्ही कोथरूडच्या सगळ्या सोसायटीबरोबर वाटून घेतलं.

2022 साली आम्ही कायमचे पुण्यात परतलो, सासऱ्यांच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये. योगायोग असा, की त्याच एका वर्षात सव्वादोन लाखांहून जास्त भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. नेमका आकडा 2,25,620. लोंढा तिकडे चालला असताना आम्ही दोघं सामान घेऊन उलट्या दिशेने येत होतो.

सुरुवातीला कार्डाने काही अडू दिलं नाही. उलट एकदा मी त्याचा रुबाबही केला. मराठवाड्यातल्या एका जगप्रसिद्ध लेण्याच्या तिकीट खिडकीवर भारतीयांना 40 रुपये आणि परदेशी पाहुण्यांना 600 रुपये दर होता. मार्च 2021 च्या अधिसूचनेनुसार ओसीआयवाल्यांना अशा ठिकाणी भारतीयांचाच दर लागतो, हे मी पाठ करून गेले होते. मी ओसीआयची निळसर पुस्तिका खिडकीतून आत सरकवली आणि आतल्या मुलाला अधिसूचनेचा सारांश सांगायला लागले. त्याने पुस्तिका उलटसुलट पाहिली. मागची रांग खाकरायला लागली. शेवटी तो शांतपणे म्हणाला, "काकू, आधार आहे का?" आधार होतं. वर्षात 182 दिवस इथे राहिलं की आम्हालाही मिळतं. "मग तेच द्यायचं ना पहिलं," असं म्हणून त्याने चाळीसचं तिकीट फाडलं. ज्या कार्डाबरोबर 'हा नागरिकत्वाचा पुरावा नाही' असं सरकार स्वतः छापून देतं, त्याने मला आत सोडलं.

म्हणजे सगळं सुरळीत होतं. बिघडलं ते 2024 मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात लोकसभा आणि नोव्हेंबरात विधानसभा, अशा दोन निवडणुका लागोपाठ आल्या. संध्याकाळी बेल वाजायची, दारात उपरणं घातलेली चार मुलं हात जोडून उभी. "ताई, घरात किती मतं?" मी खरं सांगायचे, "शून्य." त्यांचे जोडलेले हात सुटायचे. एकाने तर मी हातात घेतलेलं पत्रक पुन्हा अलगद काढून घेतलं आणि समोरच्या दारात दिलं. समोर तीन मतं आहेत. त्यांचं तुंबलेलं गटार प्रचाराच्या काळात दोनदा साफ झालं. गटार तेच, पाइप तोच, फक्त झाकण आमच्या बाजूला आहे. मग आमच्याकडचं पाणी का उतरलं नाही, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

युरोप दोनदा बघून झाला होता. अमेरिकेत मी नेमाने मत दिलं होतं, आणि माझं मत मागायला कधी कुणी जिना चढून आलं नव्हतं. इथे लोक जिना चढून येत होते आणि मी दारात निरुपयोगी उभी होते. मनाला फार लागलं.

तेवढ्यात बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या बाई आल्या. अंगणवाडीच्या सेविका, हातात यादी, कानाला फोन. त्यांनी माझं नाव विचारलं, यादीवर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "आहे की तुमचं नाव! सासूबाईंचंपण आहे." मी चष्मा लावून पाहिलं. खरोखरच होतं. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन साहेबांच्या काळात फोटो काढून घेतलेलं ते ओळखपत्र, ती नोंद, सगळं जागच्या जागी. सासूबाईंना जाऊन बरीच वर्षं झाली, मी परदेशी होऊन बरीच वर्षं झाली, पण मतदार यादीने आम्हा दोघींना घट्ट धरून ठेवलं होतं. सोसायटीतले जन्मापासून इथे राहिलेले, कर भरणारे, दर निवडणुकीला नाव गायब म्हणून बोंब मारणारे लोक एकीकडे, आणि आम्ही दोघी दुसरीकडे.

मोह झाला. खोटं कशाला बोलू? शाई लागलेल्या बोटाचा फोटो लेकीला पाठवायचा, इथवर मनाने मजल गेली होती. पण यादीत नाव असलं तरी नागरिक नसलेल्याने मत देणं बेकायदा आहे, आणि माझा नवरा घाबरट असला तरी कायदे नीट वाचतो. नाव काढून टाकण्यासाठी नमुना क्रमांक 7 भरायचा असतो. त्यात कारणं दिलेली असतात: मृत्यू, स्थलांतर, दुबार नोंद आणि 'भारतीय नागरिक नाही'. मी स्वतःविरुद्ध स्वतःच अर्ज करायला बसले आणि शेवटच्या कारणापाशी पेन अडलं. बीएलओ बाई चहाचा कप ठेवत सहानुभूतीने म्हणाल्या, "काकू, सासूबाईंबरोबर तुम्हालापण मयतच दाखवू का? ते लवकर होतं."

मी बाणेदारपणे नकार दिला आणि त्याच रात्री नागरिकत्व परत मिळवायचं ठरवलं.

माझ्यापुढे उदाहरणंही होती. अक्षय कुमारने कॅनडाचं नागरिकत्व सोडून 15 ऑगस्ट 2023 ला भारताचं परत मिळाल्याचं जाहीर केलं होतं. दुसरं उदाहरण घरगुती. अमेरिकेत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या शेजारी काम करणाऱ्या फिलिपिनो मैत्रिणीला तिचं मूळ नागरिकत्व एका दुपारी परत मिळालं होतं. फिलिपिन्सने 2003 मध्येच कायदा केला: जन्माने फिलिपिनो असलेल्या माणसाने परदेशी नागरिकत्व घेतलं असलं तरी निष्ठेची शपथ घ्यावी आणि परत आपलं व्हावं. अमेरिकन पासपोर्टही तिच्याकडेच राहिला. ती न्यूयॉर्कच्या वकिलातीत जाऊन शपथ घेऊन आली आणि दुसऱ्या दिवशी डब्यात नूडल्स घेऊन कामावर. भारताला असलं काही मान्य नाही. एका माणसाला एकच देश. तत्त्व म्हणून मला ते पटतं. अडचण एवढीच, की ते मला माझ्या बाबतीत पटवून घ्यावं लागत होतं.

कायद्यात वाट आहे. पाच वर्षं ओसीआय म्हणून नोंद असलेल्या आणि अर्जापूर्वी बारा महिने भारतात राहिलेल्या माणसाला पाचव्या कलमाखाली नागरिक म्हणून नोंदणी मागता येते. मात्र ज्याचं भारतीय नागरिकत्व एकदा संपलं, त्याची नोंद केंद्र सरकारच्या आदेशाशिवाय होत नाही. जाताना आपोआप, येताना दिल्लीहून आदेश. शिवाय परकं नागरिकत्व सोडल्याचा दाखला द्यायचा आणि भारताच्या निष्ठेची शपथ घ्यायची. हात वर करायची मला सवय होतीच.

अर्ज ऑनलाइन भरला. मग कागदांची फाइल. जन्मदाखला, लग्नाचा दाखला, रद्द झालेला पासपोर्ट, सरेंडरचा दाखला, ओसीआय, चालू पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती. कोऱ्या पानांच्यासुद्धा. झेरॉक्सवाला म्हणाला, "मावशी, यावर काहीच नाहीये." मी म्हटलं, "तेच दाखवायचंय." पण तिथेच घोटाळा होता. सगळी पानं कोरी नव्हती.

सरकारी कार्यालयातल्या साहेबांनी फाइल घेतली आणि बाकी सगळं बाजूला ठेवून पासपोर्ट उघडला. माणूस सज्जन होता, आवाज मऊ होता, आणि शिक्के वाचायची त्याची पद्धत भयंकर होती. करंगळीपासून सुरुवात करून तो बोटांच्या पेरांवर महिने मोजत होता. एका शिक्क्यापाशी थांबला. "मॅडम, मध्ये गेला होतात?"

गेले होते. लेकीचं बाळंतपण होतं, डॅलसला. कोणती आई जाणार नाही? मी त्यांना सांगितलं, की 2015 च्या दुरुस्तीनंतर विशेष परिस्थितीत बारा महिन्यांत तीस दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, तीही तुकड्या-तुकड्याने, आणि बाळंतपणाहून विशेष परिस्थिती ती कोणती? साहेब म्हणाले, "तुमचं नव्हतं ना पण." मग पान उलटून म्हणाले, "आणि हे काय?"

ते नेपाळ होतं. आमचा ज्येष्ठ नागरिक संघ पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाला गेला होता. (मी त्या संघाची सभासद आहे. ज्येष्ठ आहे, बाकी अर्धं अर्जात आहे.) काठमांडूच्या विमानतळावर आमच्या संघातले सगळे मतदार ओळखपत्रं दाखवून गप्पा मारत बाहेर पडले, आणि मी जर्मन गिर्यारोहकांच्या मागे परदेशी रांगेत, पंधरा दिवसांच्या व्हिसाचे तीस डॉलर हातात धरून. माझा व्हिसा होईपर्यंत बाहेर संघाची बस थांबली होती आणि आतून चिवड्याची पिशवी फिरत होती, ती माझ्यापर्यंत आली तेव्हा शेंगदाणे संपले होते. हे सगळं मी अपमान म्हणून विसरले होते. पण त्या तीस डॉलरच्या बदल्यात पासपोर्टमध्ये चिकटलेला व्हिसा साहेबांच्या अंगठ्याखाली आता ठळक दिसत होता.

"देवाला गेले होते हो," मी म्हटलं.

"देव भारताबाहेर आहे, मॅडम."

डॅलस आणि मुक्तिनाथ मिळून तीस दिवसांच्या पलीकडे गेले होते. साहेबांनी फाइल मिटून माझ्याकडे सरकवली आणि बारा महिने नीट पुरे करून या, असं सांगितलं. त्यांची काही चूक नव्हती. नियम मी त्यांच्याआधी वाचला होता. नातवाच्या बारशाला आणि देवदर्शनाला नियम लागू होत नसावेत, अशी माझी आपली एक समजूत होती.

घरी आल्यावर नवऱ्याने दुसरी बाजू उघडली. ते स्वतः ओसीआयवर सुखी आहेत आणि माझ्या निश्चयाकडे खर्चाच्या नजरेने पाहतात. अमेरिकेचं नागरिकत्व फुकट सुटत नाही. ते आपोआप जात नाहीच. अमेरिकेबाहेरच्या त्यांच्या वकिलातीत प्रत्यक्ष हजर राहून, मुलाखत देऊन, शपथेवर सोडावं लागतं. त्याची फी 2014 साली 450 डॉलरवरून एकदम 2,350 डॉलर झाली होती. एकदा सोडलं की मन बदललं म्हणून परत मिळत नाही, आणि सोडणाऱ्यांची नावं तिथल्या सरकारी राजपत्रात दर तीन महिन्यांनी छापून येतात. आधी ते सोडायचं, त्याचा दाखला इथे द्यायचा, मग इकडची नोंद. मधल्या दिवसांत मी कुठल्याच देशाची नसेन. "त्या दिवसांत तरी ऐकशील का माझं?" नवऱ्याने विचारलं. उत्तर द्यायची गरज नव्हती.

पण खरी गोम याहून पुढे आहे आणि ती मला एका रात्री अडीच वाजता सुचली. समजा सगळं पार पडलं. मी भारतीय झाले, बोटाला शाई लागली, गटार साफ झालं. मग नातवाला बघायला डॅलसला कसं जाणार? व्हिजिटर व्हिसा काढून. मुंबईला मुलाखतीची तारीख मिळेल तेव्हा मिळेल. आणि त्या खिडकीवर काय सिद्ध करायचं असतं? हा माणूस अमेरिकेत राहून जाणार नाही, मुकाट भारतात परतेल, हे. म्हणजे ज्या बाईने भारतात राहता यावं म्हणून अमेरिकेचं नागरिकत्व टाकलं, तिने अमेरिकेच्या अधिकाऱ्याला शपथेवर पटवायचं, की साहेब, मी खरंच परत जाईन. पुरावा म्हणून काय दाखवायचं? मी नवऱ्याला उठवून विचारलं. ते कूस बदलत म्हणाले, "गटार दाखव."

तरी माझा बेत कायम आहे. माझे बारा महिने नव्याने सुरू झाले आहेत. अमेरिकन पासपोर्ट नवऱ्याने बँकेच्या लॉकरमध्ये ठेवला आहे, किल्ली त्यांच्याकडे. नमुना 7 भरून दिला आहे. खऱ्या कारणावर खूण करून. सासूबाईंचाही वेगळा भरला.

आमच्या सगळ्या नातेवाइकांना आणि स्नेह्यांना यानिमित्ताने जाहीर विनंती: पुढचं वर्षभर लग्न, मुंज, बारसं, साठीशांत, जे काय काढायचं ते कृपया भारताच्या हद्दीत काढा. मी आहेर दुप्पट करीन. परदेशात काढलंत तर येणार नाही, आणि काठमांडूही परदेशातच आहे.